एका मुंगसापायी

आठवीच्या वर्गात एका मुलीने 'मॉन्गूस'चं अनेकवचन 'मॉन्गीज' असं लिहिलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

मी तेव्हा बऱ्हाणपूरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. नागपूरहून बी.ए. होऊन आले त्याला वर्षही झालं नव्हतं. घरात आई, बाबा आणि मी, तिघंच. बाबा तहसील कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती.

मी लाल शाईने त्या मुलीच्या वहीत 'मॉन्गूसेस' अशी दुरुस्ती केली. ती जैनाबादच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. रोज नावेने तापी ओलांडून शाळेत यायची, आणि पटल्याशिवाय खाली बसायची नाही. तिने विचारलं, "बाई, गूसचं गीज होतं हे तुम्हीच शिकवलंत. मग मॉन्गूसचं मॉन्गीज का नाही?"

मी म्हटलं, हा अपवाद आहे. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "आणि बाई, मॉन्गूस आणि मुंगूस ऐकायला सारखंच वाटतं. आपण त्यांच्याकडून घेतलं का?"

मी उद्या सांगते म्हणाले आणि पुढचा धडा काढला. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं, आणि नवीन शिक्षिकेला माहीत नाही असं म्हणायची लाज वाटते.

शाळेच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. त्याची किल्ली मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे असायची. मधल्या सुट्टीत किल्ली मागून घेतली आणि शब्द काढला. अर्थाच्या शेवटी बारीक टाइपात दिलं होतं की हा शब्द मराठीतून आला आहे. मी ती ओळ तीन-चार वेळा वाचली. म्हणजे पाण्यात पोहणाऱ्या गूसशी या प्राण्याचा काही संबंधच नव्हता. साहेब लोकांनी आपलं मुंगूस ऐकलं, त्यांच्या जिभेला जमेल तसं म्हटलं आणि लिहिताना शेवटी स्वतःचं गूस बसवून दिलं. मला इतका आनंद झाला की कपाट उघडंच टाकून मी शिक्षिकांच्या खोलीकडे पळाले.

तिथे दीदी बसल्या होत्या. दीदी म्हणजे आमच्या शाळेत हिंदी शिकवायच्या त्या. मुली त्यांना बहनजी म्हणत, मी दीदी म्हणायचे. त्या खंडव्याच्या. लवकर विधवा झाल्या होत्या आणि गावातल्याच राजपुऱ्यात एक खोली घेऊन एकट्या राहायच्या. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठ्या. आम्ही दोघी एकाच डब्यात जेवायचो, त्यांच्या पोळ्या आणि माझी भाजी. त्यांना मी कोशातली गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हारा मुंगूस विलायत हो आया, अच्छी बात है. पर मेरा नेवला उससे ज़्यादा ख़ानदानी है. सीधा संस्कृत के नकुल से उतरा है." त्या थट्टा करत होत्या आणि मलाही तेव्हा ती थट्टाच वाटली.

पण त्यांच्या बोलण्याने माझ्या मनात पुढचा प्रश्न आला. नेवला नकुलपासून आला तर मुंगूस कशापासून आलं? त्याचा आणि नकुलाचा काही मेळ दिसत नव्हता. मी माझ्या नागपूरच्या प्राध्यापकांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांनी आम्हाला भाषेचा इतिहास शिकवला होता. पत्र बाबांनीच कचेरीत जाता जाता टाकलं. उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, म्हणून मी एक वही केली आणि गावात कोण या प्राण्याला काय म्हणतं ते टिपायला लागले.

हे करायला मी जो काळ निवडला त्याहून वाईट काळ शोधून सापडला नसता. संस्थानं विलीन होऊन गेली होती आणि आता भाषेप्रमाणे राज्यं कशी पाडायची याचा विचार दिल्लीत चालला होता. आमचं गाव तेव्हाच्या मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती. गावाला खेटून खानदेश, आणि खानदेश मुंबई राज्यात. काही लोकांना वाटायचं की बऱ्हाणपूरही तिकडेच जावं. काहींना वाटायचं, आहे तिथेच बरं. दोन्हीकडची माणसं सह्या गोळा करत फिरत होती. कुणाच्या घरात काय बोललं जातं, हा प्रश्न तोवर कुणी कुणाला विचारला नव्हता, कारण सगळेच सगळं बोलत होते. आता तो प्रश्न विचारला की माणसं आधी तुमच्या चेहऱ्याकडे पाहायची आणि मग तुमच्या हातातल्या वहीकडे. मला हे ऐकून माहीत होतं. पण मुंगसाचा त्याच्याशी काय संबंध, असं मला वाटलं.

पहिल्या रविवारी जैनाबादला गेले. त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला केळीच्या बागेत बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, मुंगसाला तुमच्या घरात काय म्हणतात. ते म्हणाले, "बाई, तुम्हाले काय लिहून पायजे ते सांगा. तेच सांगतो."

मी समजावलं की हे शाळेच्या कामासाठी आहे, शब्द कुठून आला ते शोधतेय. त्यांनी मान डोलवली. त्यांच्या म्हाताऱ्या आईने आतून विचारलं, मुंगूस म्हटल्यावर जमीन कोणाकडे जाते. तिने हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

राजपुऱ्यात एका कापडाच्या व्यापाऱ्याने वही हातात मागितली, पानं चाळली, आणि आधीच्या घरांची नावं कुठे आहेत ते शोधलं. मी नावं लिहिली नव्हती, फक्त शब्द लिहिले होते. त्याला त्याचाच जास्त संशय आला. नावं लिहायची नाहीत असं कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं. मग म्हणाला की आमच्याकडे दोन्ही म्हणतात, आणि तसंच लिहा, दोन्ही. शेजारच्या गल्लीत एका बाईने तर सांगितलं की तिने हा प्राणी कधी पाहिलाच नाही. तिच्या मागे परसात तिची नातवंडं एका बिळासमोर बसून मुंगसाला तोंड दाखवायची शपथ घालत होती. मी कान देऊन ऐकलं. शपथ मराठीत होती आणि प्राण्याचं नाव हिंदीत. मी तेही लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्यांनी खुर्चीवर बसायला सांगितलं नाही. टेबलावर एक कागद होता, तो माझ्याकडे सरकवला आणि वाचा म्हणाल्या.

पत्र हिंदीत होतं, खाली सही नव्हती. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की आपल्या शाळेतली एक तरुण शिक्षिका घरोघर जाऊन लोकांची बोली टिपते, नागपूरच्या एका प्राध्यापकाशी तिचा पत्रव्यवहार आहे, शाळेचं नाव सीमेच्या वादात ओढलं जाण्याआधी तिला थांबवावं आणि या प्रकाराची 'चौकशी की जाए'.

मोठ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला कशासाठी फिरता ते विचारलं आणि मी मुंगसाचं सांगितल्यावर थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना ते खरं वाटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या एवढंच म्हणाल्या की वही आजपासून बंद, आणि हे पत्र त्यांनी पाहिलं नाही असं त्या समजतील, पण दुसरं आलं तर तसं समजता येणार नाही. मग त्यांनी पत्र खणात टाकून कुलूप लावलं.

मी बाहेर आले तेव्हा भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा मोठा होता तो हिशेब जो माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता. प्राध्यापकांना पत्र लिहिलं हे कुणाला ठाऊक होतं? घरात आई-बाबांना, आणि शाळेत फक्त दीदींना. पत्र हिंदीत होतं. चांगल्या, घोटीव हिंदीत. आणि माझं मुंगूस विलायतेला जाऊन आलं हे सांगितल्यावर आपला नेवला खानदानी म्हणणारी कोण होती? जी गोष्ट मला थट्टा वाटली होती, ती आता टोचायला लागली.

त्या दिवशी मी दीदींबरोबर जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांनी तपासलेली हिंदीची एक वही मुलींच्या गठ्ठ्यातून काढली आणि खिडकीशी नेऊन त्यांच्या शेऱ्यांचं अक्षर बघत बसले. पत्रातलं अक्षर मला जेवढं आठवत होतं तेवढं त्याच्याशी जुळवत होते. 'क' जुळला असं वाटलं. 'र' जुळला. पत्रातला 'ल' मात्र आपल्या मराठी वळणाचा होता, दीदींचा तसा नव्हता. ते मला नीट दिसलं होतं. पण मला जे जुळत होतं तेच हवं होतं, म्हणून 'ल' मी सोडून दिला. वही परत ठेवायला वळले तर दारात दीदी उभ्या होत्या. मुलींना द्यायचे खडू उचलून निघून गेल्या.

आठवडाभर आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. शेवटी त्यांनीच मला शाळा सुटल्यावर थांबवलं आणि विचारलं, "बात क्या है?"

मी सगळं बोलून टाकलं. पत्रातली वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली, कारण मला ती पाठ झाली होती. तुम्हालाच ठाऊक होतं, असंही म्हटलं. बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण शिपायाने दारातून डोकावून पाहिलं. दीदी शेवटपर्यंत ऐकून घेत राहिल्या. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"चौकशी? यही लिखा था? हमारे यहाँ तो जाँच होती है. मैं हिंदी पढ़ाती हूँ, चौकशी क्यों लिखूँगी?"

त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. 'चौकशी' हा आपला शब्द. हिंदीच्या मास्तरणीच्या लेखणीतून तो उतरणार नाही. पण मी घरी जाईपर्यंत त्याचंही उत्तर तयार केलं: आपल्यावर संशय येऊ नये म्हणून तिने मुद्दाम मराठी शब्द घातला. आणि 'ल'सुद्धा मुद्दाम तसा काढला. मी स्वतःला फार हुशार समजले त्या संध्याकाळी.

त्यानंतर दीदींनी माझ्याशी बोलणं सोडलं. शिक्षिकांच्या खोलीत त्या दुसऱ्या खिडकीशी बसायला लागल्या. मी माझा डबा एकटीने खायचे आणि खाताना त्या काय लिहितात याच्यावर नजर ठेवायचे.

मग पुढचा संशय आला. प्राध्यापकांचं उत्तर अजून कसं आलं नाही? ते उत्तर लगेच द्यायचे, दोन ओळी का होईना. मला वाटलं, पत्रंसुद्धा कुणीतरी मध्ये अडवतंय. एका शनिवारी मी रस्त्यात पोस्टमनला गाठलं. तो आमच्या मोहल्ल्यात कित्येक वर्षं डाक वाटत होता. मी विचारलं, माझं नागपूरचं काही पाकीट आलं होतं का. तो म्हणाला, "आलं होतं की. पंधरा दिवस झाले. बाबूजींना कचेरीतच दिलं. घर बंद होतं ना."

घर बंद नसायचं. आई दिवसभर घरी असायची. बाबांनीच त्याला सांगून ठेवलं असणार, माझी डाक कचेरीत द्यायला.

मी घरी आले. बाबा नुकतेच आले होते आणि ओसरीवर पाय धूत होते. मी विचारलं, माझं पाकीट कुठे आहे. त्यांनी पाय धुऊन घेतले, पुसले, आत जाऊन कोट आणला आणि आतल्या खिशातून पाकीट काढून मला दिलं. ते फोडलेलं होतं.

"वाचलंय मी," ते म्हणाले. "त्यात काही नाही. जनावराचंच आहे."

मी विचारलं, त्यांना दुसरं काय असेल असं वाटलं होतं. ते कोटाची घडी घालायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी बाबांकडे पाहत होते आणि एकदम मला तो 'ल' दिसला. किराण्याच्या यादीत, माझ्या शाळेच्या अर्जांवर, कोनाड्यातल्या डब्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर, लहानपणापासून पाहिलेला. कचेरीत वीस-पंचवीस वर्षं दोन्ही भाषांत टिपणं लिहिणारा माणूस उत्तम हिंदी लिहितो. आणि 'चौकशी' त्याच्या बोटात बसलेली असते.

"मोठ्या बाईंना पत्र तुम्ही लिहिलंत," मी म्हटलं.

ते नाही म्हणाले नाहीत. खाटेवर बसले आणि हळूहळू सांगायला लागले. कचेरीत वरच्या साहेबांनी त्यांना एक दिवस बोलावून विचारलं होतं की तुमची मुलगी काय लिहीत फिरते. साहेब हसत हसत बोलले होते, आणि त्यानेच बाबा जास्त घाबरले. कचेरीत कोण कुणाकडचा याची कुजबुज चालायची. ज्यांच्यावर शंका त्यांच्या बदल्या लांब लांब होत होत्या, निदान बाबांना तसं वाटत होतं. मला त्यांनी सरळ सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या बाईंना जाऊन भेटले असते तर कारकुनाने मुलीविरुद्ध सांगितलं हे गावभर झालं असतं. म्हणून बिनसहीचं पत्र. शाळेने दटावलं की प्रकरण तिथल्या तिथे मिटेल आणि कुणाचं नाव येणार नाही.

"नाव आलं ना, बाबा," मी म्हटलं. "दीदींचं आलं. मी आणलं."

त्यांना दीदींबद्दल काहीच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाचं वाईट केल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही त्यांना जेवा म्हणाले नाही, आणि ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी राजपुऱ्यात दीदींच्या खोलीवर गेले. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत ये म्हणाल्या नाहीत. मी सगळं सांगितलं, बाबांचंही. बाबांचं सांगू नये असं वाटेवर ठरवलं होतं, पण त्यांच्यासमोर अर्धं सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "उस दिन खिड़की पर तुम मेरी लिखावट मिला रही थीं न?"

मी हो म्हटलं.

"मुझसे पूछ लेतीं," त्या म्हणाल्या. एवढंच. मग बाजूला झाल्या आणि मला आत येऊ दिलं. स्टोव्ह पेटवला, चहा केला. मी पाकिटातलं पत्र काढून त्यांना दाखवलं. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की मुंगूस इंग्रजांकडे गेलं ते आपल्याकडून, हे बरोबर. पण ते मूळचं आपलंही नसावं. दक्षिणेकडच्या भाषांत तसाच शब्द आहे, तेव्हा गावात कुणी तेलुगू किंवा कानडी बोलणारं असेल तर त्यांना विचारून पाहा.

दीदींनी चहाचा कप खाली ठेवला. लालबागला स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये एक तेलुगू कुटुंब आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची मुलगी दीदींकडे हिंदीला होती. वही बंद आहे, मी म्हटलं. वही कशाला लागते, त्या म्हणाल्या.

आम्ही टांग्याने लालबागला गेलो. त्या घरातल्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. त्यांचे मालक रेल्वेत, ड्युटीवर गेलेले. दोन मास्तरणी रविवारी दारात पाहून त्यांना वाटलं की क्वार्टरमध्ये किती माणसं राहतात ते मोजायला आम्ही आलोय. दीर इथे राहत नाही, असं त्यांनी आम्ही न विचारताच सांगून टाकलं; तो बरेच महिने तिथेच होता आणि ते नियमात बसत नव्हतं. दीदींनी त्यांच्या मुलीच्या अभ्यासाचं बोलून दार पूर्ण उघडून घेतलं. मग मी हातांनी लांबट प्राणी दाखवला, शेपटी दाखवली, साप आणि झटापट दाखवली. त्या बाई आधी माझ्याकडे, मग दीदींकडे पाहायला लागल्या. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मुंगिस."

दीदी माझ्याकडे वळल्या. मी त्या बाईंना पुन्हा म्हणायला लावलं. मुंगिस. त्यांच्या आजीच्या गावाला, गोदावरीच्या काठी, सगळे तेच म्हणायचे. हे ऐकायला कुणी टांगा करून येईल याचं त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी आम्हाला कॉफी दिली, पण आम्ही जाईपर्यंत आतल्या खोलीचं दार लोटूनच ठेवलं होतं.

सोमवारी मी आठवीच्या वर्गात सांगितलं की मॉन्गूस इंग्रजांनी आपल्याकडून घेतला आणि आपण तो बहुतेक तेलंगणाकडून घेतला, आणि गूस या पाखराशी त्याचं नातं नाही म्हणून मॉन्गीज होत नाही. ती जैनाबादची मुलगी उभी राहून म्हणाली, मग तेलुगू लोकांनी कुणाकडून घेतला? मी म्हटलं, मला माहीत नाही. या वेळी मला ते म्हणायला जड गेलं नाही.

पुढे राज्यं पाडली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. बाबांची बदली झाली नाही. साहेबांनी तो विषय पुन्हा काढलाही नाही, बहुधा त्यांच्या लक्षातही नसेल. बाबा आणि मी त्या पत्राबद्दल नंतर कधी बोललो नाही. फक्त माझी डाक ते हातात घ्यायचे नाहीत. पोस्टमनने दिली तर आईला दे म्हणायचे.

दीदी आणि मी पुन्हा एका डब्यात जेवायला लागलो. त्या पुढे सहा वर्षं शाळेत होत्या, मग खंडव्याला बदलून गेल्या. मला कधी त्यांनी टोमणा मारला नाही. पण एक सवय त्यांना लागली, ती मी पाहिली. मला काही लिहून दिलं, मग ती वेळापत्रकातली अदलाबदल असो की बाजारातून आणायच्या मेथीची चिठ्ठी, त्या खाली आपली पूर्ण सही करायच्या आणि तारीख घालायच्या. दुसऱ्या कुणाला दिलेल्या चिठ्ठीवर मी ती सही कधी पाहिली नाही.